अर्ध्या सिलेंडरचा प्रश्न

डोंबिवलीत खोली भाड्यानं घ्यायची म्हटलं की मालक आधार कार्ड मागतात, पोलिसांकडचा कागद मागतात आणि मासे खाता का ते आडून आडून विचारतात. माझ्या मालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझी बारावीची मार्कशीट मागितली.

"बाई, मी एसी मेकॅनिक आहे," मी म्हटलं. "मार्कशीट कशाला?"

"आहे, की हरवलीस?"

मार्कशीट गावाला, संगमेश्वरजवळच्या घरी, पत्र्याच्या पेटीत होती. बायकोला फोन केला, तिनं फोटो काढून पाठवला. भौतिकशास्त्रात एकवीस, रसायनशास्त्रात एकोणीस. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाला लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "छान," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून ये राहायला." माझ्या त्या मार्कांना छान म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

पुढे कळलं, बाईंची मागची खोली फक्त विज्ञानात नापास झालेल्यांनाच मिळते. माझ्या आधी बँकेतला एक सालस मुलगा आला होता, फर्स्ट क्लासवाला. त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवला. "पास झालेल्या माणसाचं मी करू काय?" असं त्यांचं म्हणणं. वेळ जात नाही म्हणून कुणी मांजर पाळतं, कुणी भजनी मंडळात जातं. बाईंनी नापास पाळले होते.

बाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या. कल्याणच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. मी एकदा हिंमत करून कारण विचारलं. "आला होता एक बघायला," त्या म्हणाल्या. "पोहे देताना मी त्याला विचारलं, हवा भरताना सायकलचा पंप का तापतो? म्हणाला, घासून. मी ताटली उचलली आणि आत गेले." पंप घासूनच तापतो अशी माझीही समजूत होती. पण मला खोली टिकवायची होती, म्हणून मी नुसती मान हलवली.

बाईंना सेल्सिअस चालत नसे. "पाणी गोठतं म्हणून तिथे शून्य मानायचं? पाणी कोण लागून गेलंय?" असं त्या तावातावानं विचारायच्या. गॅलरीतल्या थर्मामीटरवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवून केल्व्हिनचे आकडे लिहिले होते. सकाळी मी ब्रश करत असलो की आतून आवाज यायचा, "आज तीनशे पाच आहे रे, पाण्याची बाटली मोठी ने." एकदा त्यांना ताप आला. खालच्या नवीन डॉक्टरला त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळी तीनशे बारा होता, आता तीनशे दहावर आलाय." त्यानं बीपी तपासायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. "वजा दोनशे त्र्याहत्तर करा," मी हळूच सांगितलं. तो बिचारा औषधाच्या चिठ्ठीवर वजाबाकी करत बसला.

आमच्या सोसायटीची सहल माळशेजला गेली तेव्हा बाईंनी बटाट्याच्या वेफर्सचं एक मोठं पाकीट मांडीवर घेतलं आणि कुणाला फोडू दिलं नाही. पोरं रडायला आली. मुरबाड गेलं, घाट लागला, पाकीट फुगायला लागलं. "थांबवा!" बाई ओरडल्या. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, त्याला वाटलं कुणाला उलटी होतेय. बाईंनी पाकिटाभोवती शिवणाची टेप गुंडाळली, आकडा टिपून घेतला आणि म्हणाल्या, "बाहेरचा दाब कमी झाला, आतला वायू पसरला. चला." पुढच्या घाटात गाडी चार वेळा थांबली. वर पोचल्यावर त्यांनी पाकीट फोडलं तेव्हा वेफर्सपेक्षा हवाच जास्त निघाली, आणि पोरांनी त्या हवेबद्दल बाईंना काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

लिफ्टमध्येही सुटका नव्हती. सहाजणांच्या लिफ्टमध्ये सातवा घुसला की बाई शांतपणे सांगायच्या, "आकारमान तेच, रेणू वाढले. आता दाब बघा." यात हमखास सापडायचे ते सर्वात वरच्या मजल्यावरचे दादा. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांच्या वडिलांचं. गळ्यात साखळी, पोट दोन रेणूंचं. दादा नववीत बाईंच्या वर्गात होते, त्यामुळे एवढा पैसेवाला माणूस, सोसायटीचा चेअरमन, लिफ्टमध्ये बाई दिसल्या की जिना चढायचा. "बाय परत वरगात उभा करल," असं ते मला एकदा धापा टाकत म्हणाले होते.

आता माझं सांगतो. ठाण्याला, बाळकुमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एसी प्लांट चालवणाऱ्याची कायम नोकरी निघाली होती. मी चौदा वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली लोकांच्या खिडक्यांबाहेर लोंबकळून एसी दुरुस्त करत आलेलो. बायको आणि मुलगी गावाला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. नोकरी लागली की दोघींना इकडे आणायचं ठरलेलं, पण नोकरीसाठी पन्नास मार्कांची लेखी परीक्षा होती. पास व्हायला तीस. मी दोनदा आपटलो होतो, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप होती. माझी गाडी दर वेळी वायूंच्या नियमांपाशीच अडायची. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अक्षरशः हात चोळले.

रोज संध्याकाळी सात वाजता तास. उशीर झाला तर दाराबाहेर उभं राहायचं, वय वर्षं चौतीस असलं तरी. सुई काढलेली एक मोठी इंजेक्शनची सिरिंज त्यांनी माझ्या हातात दिली. "तोंडावर अंगठा ठेव. दट्ट्या दाब. काय वाटतंय?"

"अंगठ्याला टोचतंय."

"अंगठ्याचं रडगाणं नको. आकारमान निम्मं झालं. दाब?"

"वाढला."

"किती?"

"लई."

"लई हे एकक नाही."

माझी मुख्य चूक कुठे होते ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. मी सगळी गणितं गेजच्या, म्हणजे दाब मोजायच्या काट्याच्या, आकड्यांनी करायचो. आम्हा मेकॅनिकांचं सगळं आयुष्य गेजवर चालतं. गेजचा काटा शून्यावर आला की आम्ही म्हणतो सिलेंडर रिकामा. बाईंना हे ऐकून हसू आवरेना. "रिकामा? अरे, बाहेर हवा आहे तेवढीच आतही भरलेली आहे! तुझं गेज बाहेरच्यापेक्षा जास्त किती, तेवढंच सांगतं. बाहेरच्या हवेचे पंधरा पीएसआय मिळव." त्या दिवसापासून मी कुठलाही आकडा उच्चारला की त्या पंधरा मिळवायला लावायच्या. भाजी चाळीसची आणली म्हटलं तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "पंधरा मिळव!" पण खरं सांगतो, चौदा वर्षं मी जे हातानं करत होतो ते का होतं हे मला त्या दोन महिन्यांत समजलं. दाबलेल्या हवेनं सायकलचा पंप का तापतो, पाईप गार का पडतो, उन्हात ठेवलेल्या सिलेंडरचा काटा का चढतो, सगळं. कामावर असताना मी स्वतःशीच हसायचो आणि गिऱ्हाइकांना वाटायचं बिल वाढवतोय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी उजळणी घेतली. शेवटी त्यांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. हा प्रश्न त्यांनी स्वतः रचलेला होता आणि पस्तीस वर्षं दर वार्षिक परीक्षेत घातलेला होता. घरातल्या गॅसचा सिलेंडर अर्धा वापरून झाला. तापमान तेच. आतला दाब आता किती?

"तेवढाच," मी म्हटलं.

"नीट ऐक. अर्धा वापरला."

"ऐकलं बाई. तेवढाच."

बाईंनी वही मिटली. "निम्मे रेणू गेले. आकारमान तेच, तापमान तेच. दाब निम्मा. दोन महिने मी काय भिंतीला शिकवलं?"

"बाई, तुमचं गणित बरोबर असेल. पण मी रोज एसीच्या गॅसच्या सिलेंडरला गेज लावतो. भरलेला असो नाहीतर अर्धा, काटा तिथंच असतो. अगदी संपायला आला की मग धाडकन पडतो. म्हणून तर आम्ही सिलेंडर वजन करून बघतो, काट्यावर विश्वास नाही ठेवत."

"तुझं गेज बिघडलंय."

"चौदा वर्षांत सतरा गेज वापरले. सगळेच बिघडलेले?"

"वायूचे नियम तुझ्या गेजला विचारून नाही केलेले!"

"मग सिलेंडर पण तुमचं पुस्तक वाचून नाय भरलेला!"

हे बोलायला नको होतं. बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. जरा वेळानं दारात येऊन म्हणाल्या, "उद्या हा प्रश्न आला तर निम्मा लिही. उगाच नोकरी घालवू नकोस."

आणि तो आला. पत्ता लागल्यासारखा आला. सिलेंडरमधला गॅस निम्मा वापरला, तापमान तेच, तर गेजवर काय दिसेल? चार पर्याय. पहिला निम्मा, तिसरा तेवढाच. मी पेन धरून बसलो. एकीकडे बाई, ज्यांनी मला दोन महिने शिकवलं होतं आणि एक पैसा घेतला नव्हता. दुसरीकडे माझा उजवा हात. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तर ती म्हणत होती काहीतरी लिहा पण लिहा. शेवटी मी तिसऱ्यावर खूण केली. बाईंचा विश्वासघात केल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी खरं सांगितलं.

"नापास," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर निकाल लागेपर्यंत अबोला. सकाळचा तापमानाचा आवाज बंद, चहा बंद. मी लिफ्टपाशी दिसलो तर माझ्या आरपार बघून जायच्या. माझंही डोकं फिरलेलं होतं. वाटायचं, नोकरी गेली तर बाईंसमोर कसा उभा राहू, आणि लागली तर आणखीनच कसा.

निकाल लागला. तीस. बरोबर तीस, एकही जास्त नाही. म्हणजे मी निम्मा लिहिलं असतं तर मुलगी गावच्याच शाळेत गेली असती. गावाला फोन केला, बायको रडली, मुलीनं विचारलं तिकडे झोपाळा आहे का. मग कागद घेऊन बाईंच्या दारात गेलो.

बाईंनी कागद वाचला. अभिनंदन वगैरे काही नाही. "सिलेंडरच्या प्रश्नाचा मार्क धरून तीस?"

"हो."

"म्हणजे परीक्षकही तुझ्यासारखाच आहे." त्यांनी कागद परत दिला. "तुझ्याकडे किती सिलेंडर आहेत?"

"दोन. एक नवा, एक अर्ध्याच्याही खाली गेलेला. जिन्याखाली ठेवलेत."

"एकाच गॅसचे?"

"एकाच."

"गच्चीवर आण. टाकीच्या सावलीत ठेव. दोन्ही एका तापमानाला यायला हवेत, म्हणजे चार तास. वजनकाटा माझ्याकडे आहे."

चार तास त्या गच्चीवर खुर्ची टाकून राखण करत बसल्या, मी फसवीन म्हणून. मग वजन केलं. एक तेरा किलो, दुसरा सहा. बाईंनी दोन्ही पत्र्यांना हात लावून पाहिला, थर्मामीटर टेकवून पाहिलं. मी गेज लावलं. दोन्ही वेळा काटा एकाच रेघेवर. "गेज बदल," त्या म्हणाल्या. दुसरं गेज लावलं. तीच रेघ. बाई वाकल्या, सहा किलोवाला सिलेंडर दोन्ही हातांनी धरून हलवला आणि कान लावला. आत डचमळलं.

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मी समजावायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. बोलायचं त्यांनाच होतं.

"खाली द्रव आहे," त्या हळू म्हणाल्या. "वर वायू. वरचा वायू तू काढून घेतलास की खालचा द्रव उकळतो आणि त्याची जागा भरतो. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत भरत राहतो. दाब तापमानावर ठरणार, किती उरलं यावर नाही. निम्मा तेव्हा झाला असता, जेव्हा आत नुसता वायू असता." मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "घरातला सिलेंडर हलवला की डचमळतो. पन्नास वर्षं मी तो हलवतेय. शी!"

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या ना. कुणाचं काय बिघडलं?"

"बिघडलं," बाई म्हणाल्या. "एकीनं बरोबर लिहिलं होतं."

सिलेंडर खाली नेऊन ठेवल्यावर, त्याच संध्याकाळी, मी बाईंना पहिल्यांदा सगळे मजले जिन्यानं चढताना पाहिलं. लिफ्ट वर अडकली होती आणि त्यांना थांबवेना. वरच्या मजल्यावर दादांनी दार उघडलं आणि समोर बाई बघून हातातला वडा लपवला. बाईंनी त्यांना अर्ध्या सिलेंडरचं सगळं समजावलं. दादा मान हलवत राहिले. "बाय, मना तवा बी नाय समजला, आता काय समजल?" ते शेवटी म्हणाले.

"तुझ्यासाठी नाही आले मी. तुमच्या वर्गात एक मुलगी होती, मोहन्याहून यायची. दोन वेण्या, हिरवं दप्तर. नववीनंतर दिसली नाही. तिचा नंबर मला हवाय."

दादांना सगळा तालुका ओळखतो. मतं मागायला फिरलेला माणूस. त्यांनी मोहन्याच्या कुणाला फोन केला, त्यानं आणखी कुणाला, असं करत तिसऱ्या दिवशी नंबर आला. मी त्याच संध्याकाळी पेढे घेऊन बाईंकडे गेलेलो, खोली कधी सोडतो ते सांगायला. त्यांनी मला खुणेनंच बसायला सांगितलं. कानाला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती.

"कोण?" एक जाडसर आवाज आला.

"मी विज्ञानाच्या बाई. शाळेतल्या."

मग तो पन्नाशीचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. मी केलं. नववीची वार्षिक परीक्षा आठवते? सिलेंडरचा प्रश्न?"

"नाही ओ बाई. किती वर्षं झाली. नातवंडं झाली मला."

"मला आठवतंय. अर्धा सिलेंडर वापरला तर दाब किती? सगळ्या वर्गानं निम्मा लिहिलं, मी शिकवलं तसं. तू लिहिलंस, तेवढाच राहील, कारण आई चहा करते तेव्हा ज्योत रोज तेवढीच असते. मी त्यावर लाल रेघ मारली. आणि समासात लिहिलं, आईला विचारून विज्ञान लिहू नये."

मी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. बाईंचा आवाज तासाला असायचा तसाच खणखणीत होता.

"दोन मार्कांनी नापास झालीस तू," बाई म्हणाल्या.

"ते आठवतंय," ती म्हणाली. "वडिलांनी मग नाय पाठवली. बोलले, डोकं नाय तुला."

"प्रश्न दोन मार्कांचाच होता. तुझं कारण अर्धवट होतं, ज्योत तेवढी राहते त्यात रेग्युलेटरचाही हात असतो. पण कारण मी विचारलंच नव्हतं. उत्तर बरोबर होतं. वर्गात एकटीचं बरोबर होतं. चूक माझी होती. तू पास आहेस."

पलीकडे मालिकेतलं कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं.

"ऐकू आलं का?" बाई ओरडल्या. "हॅलो?"

"अगं, तो टीव्ही बंद कर पहिला," ती घरातल्या कुणावर तरी खेकसली. आवाज थांबला. मग ती फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "बाई, परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं.